एआय मिनिटभरात संकेतस्थळ लिहून देते, मग आठवी-नववीच्या मुलांना नेमके काय शिकवायचे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या संगणक कक्षात बारा संगणक आहेत, आठवी-नववीची चोवीस मुले आहेत, आठवड्याला दोन तासिका मिळतात, आणि मुलांनी संकेतस्थळ तयार करायला शिकावे अशी आपली इच्छा आहे. परंतु चॅटबॉटला एक वाक्य सांगितले की तो पूर्ण संकेतस्थळ लिहून देतो. अशा वेळी एचटीएमएल (पानाची रचना लिहिण्याची भाषा) आणि सीएसएस (पानाचे रूप ठरवणारी भाषा) शिकवण्यात तासिका खर्च कराव्यात का, आणि कराव्यात तर एआय वर्गात कधी आणावे?

शिकवावे, असेच माझे उत्तर आहे. मात्र शिकवण्याचा हेतू बदलावा लागेल. दहा वर्षांपूर्वी मुलाला कोड लिहिता यावा म्हणून आपण शिकवत होतो. आता त्याला कोड वाचता यावा, त्यातली लबाडी ओळखता यावी आणि हवा तो बदल नेमक्या जागी करता यावा, यासाठी शिकवायचे आहे. हा फरक ऐकताना किरकोळ वाटतो, पण कोणत्या तासिकेत काय घ्यायचे याची सगळी आखणी त्याने उलटसुलट होते. मी गेली पंधरा-सोळा वर्षे या वयाच्या मुलांना हे शिकवत आलो आहे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर मला माझा जुना अभ्यासक्रम दोनदा मोडून पुन्हा बांधावा लागला. त्यामुळे खाली लिहितो आहे त्यातले बरेचसे माझ्याच चुकांतून आलेले आहे.

पहिली चूक ही की, मी पहिल्याच तासाला एआय दाखवले. मुले हरखून गेली, दोन तासिकांत प्रत्येकाचे ‘माझे गाव’ हे संकेतस्थळ तयार झाले, आणि तिसऱ्या तासिकेला मी म्हटले की गावाच्या नावाखाली जत्रेची तिथी घाला, तर एकालाही ती कुठे घालायची हे सांगता येईना. सगळ्यांनी पुन्हा चॅटबॉटला सांगितले. त्याने पान नव्याने लिहिले, आणि त्या भरात आधीचे फोटो गेले. शिवाय गावे वेगवेगळी असली तरी सर्वांची पार्श्वभूमी तीच जांभळी, त्याच तीन गोल कोपऱ्यांच्या चौकटी, आणि एका पानावर तर गावाबद्दल ‘समाधानी ग्राहकांचे’ अभिप्रायसुद्धा होते. एआय संशोधक आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द रूढ केला, तेव्हा कोड न वाचता एआयवर सोपवून देण्याची ही रीत त्यांनी सुट्टीतल्या तात्पुरत्या प्रयोगांसाठी ठीक म्हटली होती. ते स्वतः या विषयातले जाणकार आहेत. बिघडले तर उघडून पाहण्याची सोय त्यांच्याकडे आहे. आपल्या विद्यार्थ्याकडे ती सोय अजून यायची आहे.

म्हणून पहिल्या सहा तासिकांत एआय नको. नोटपॅड, एक फोल्डर आणि ब्राउझर एवढ्यावर काम चालवावे. शीर्षक, परिच्छेद, यादी, चित्र आणि दुवा हे पाच टॅग (पानाचा कोणता भाग काय आहे हे सांगणाऱ्या एचटीएमएलच्या खुणा), आणि सीएसएसमध्ये रंग, अक्षराचा आकार, आतली-बाहेरची मोकळी जागा; इतके पुरे आहे. टॅग पाठ करून घेऊ नयेत, परीक्षेत तर मुळीच विचारू नयेत. या सहा तासिकांत खरा वेळ ज्या गोष्टींवर घालवायचा त्या पुस्तकात सहसा नसतात, आणि ब्राउझरमधला चॅटबॉटही त्या दुरून सांगू शकत नाही, कारण त्याला आपल्या संगणकावरचे फोल्डर दिसत नाही.

त्यातली एक गोष्ट फाइलच्या नावांची. मुलाने चित्राचे नाव मोठ्या लिपीतील रोमन अक्षरांत ठेवले आणि कोडमध्ये लहान लिपीत लिहिले, तरी विंडोजवर चित्र दिसते, कारण विंडोज हा भेद मानत नाही. तेच पान गिटहब पेजेस या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेवर चढवले की चित्र नाहीसे होते, कारण तिथला सर्व्हर, म्हणजे पान साठवून वाचकांना पाठवणारा संगणक, हा भेद मानतो. दुसरी गोष्ट देवनागरी जतन करण्याची. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांतले नोटपॅड नवी फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे सामावणाऱ्या पद्धतीत, जतन करते. परंतु संगणक कक्षात अजून विंडोज ७ असेल आणि जतन करताना ‘एएनएसआय’ हाच जुना, देवनागरी न सामावणारा पर्याय राहून गेला, तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ती केवळ पडद्यावर आलेली नसतात, फाइलमध्येच लिहिली गेलेली असतात, त्यामुळे तो मजकूर परत मिळत नाही. याबद्दल चॅटबॉटला विचारले तर तो बहुधा अक्षरसंचाचा मेटा टॅग, म्हणजे पानातली अक्षरे कोणत्या पद्धतीत वाचायची हे ब्राउझरला सांगणारी ओळ, घालायला सांगतो, आणि तो तर मुलाने आधीच घातलेला असतो. संगणक जुने आहेत म्हणून अशा शाळांना कमी लेखू नये, पण ही तयारी शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः करून पाहिलेली असावी.

बारा संगणक आणि चोवीस मुले ही अडचण नसून मला सोयच वाटते. जोडीतला एक जण कळफलकावर बसतो आणि दुसरा वही घेऊन. वहीवाल्याने आधी पानाचा आराखडा काढायचा, मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहायचा, आणि पुढे एआय आल्यावर त्याने दिलेली प्रत्येक ओळ वाचून ‘कळली’, ‘अर्धवट कळली’, ‘कळली नाही’ अशी खूण करायची. दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायच्या. वहीत आराखडा नसेल तर एआयला हात लावायचा नाही, हा माझ्या वर्गातला एकमेव कडक नियम आहे.

सातव्या तासिकेला एआय येते, तेही लिहिण्यासाठी नव्हे. मी आदल्या दिवशी चॅटबॉटकडून तीस-चाळीस ओळींचे एक पान लिहून घेतो, त्याच्या छापील प्रती वाटतो, आणि ब्राउझरमध्ये हे कसे दिसेल ते प्रत्येक जोडीला वहीत काढायला लावतो. मग पान उघडतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जिथे फरक पडतो तिथेच शिकवायचे. सू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रॅमिंगच्या वर्गासाठी मांडलेली ‘प्रिम’ ही पद्धत याच क्रमाने जाते: आधी अंदाज, मग चालवून पाहणे, तपास, बदल, आणि शेवटी स्वतःची निर्मिती. ती एआयच्या आधीची आहे, पण आजच्या वर्गाला ती जास्त लागू पडते, कारण दुसऱ्याने लिहिलेला कोड समोर येणे हाच आता नेहमीचा प्रसंग झाला आहे.

त्यानंतर एआयला काय विचारायचे हे मुले स्वतः लिहू लागतात, आणि विचारायचे कसे हे शिकवावे लागते. ‘माझ्या प्रकल्पाची वेबसाइट बनव’ हे विचारणे नव्हे, कारण त्यात निर्णय सगळे समोरच्यावर सोडलेले आहेत. माझ्या वर्गात चाललेली एक सूचना नमुन्यादाखल देतो: ‘हे माझे एचटीएमएल आहे, त्याची रचना बदलू नकोस. किल्ल्यांच्या बारा नोंदी मोठ्या पडद्यावर तीन रकान्यांत आणि मोबाइलवर एका रकान्यात दिसाव्यात, एवढेच सीएसएस दे. जावास्क्रिप्ट वापरू नकोस. प्रत्येक ओळ काय करते ते एका वाक्यात मराठीत सांग.’ एवढे लिहिण्यासाठी रकाना म्हणजे काय, सीएसएसचे काम कुठे संपते आणि पानाला हालचाल व प्रतिसाद देणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचे कुठे सुरू होते, हे मुलाला ठाऊक असावे लागते. पहिल्या सहा तासिका यासाठीच होत्या. सूचना मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. तांत्रिक शब्द आहेत तसे ठेवावेत आणि बाकीचे आपल्या भाषेत बोलावे. इंग्रजी कच्चे असलेली मुले ज्या विषयात आजवर मागच्या बाकावर बसत, त्याच विषयात ती धीटपणे बोलू लागलेली मी पाहिली आहेत, आणि एआयचा मला वाटणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

मात्र मराठी संकेतस्थळ एआयकडून करून घेताना काही दोष इतक्या सातत्याने येतात की ते मी स्वतंत्र तासिका घेऊन शिकवतो. शीर्षक डौलदार दिसावे म्हणून चॅटबॉट अक्षरांमधील अंतर वाढवणारा गुणधर्म, म्हणजे लेटर-स्पेसिंग, हमखास घालतो. रोमन लिपीला तो शोभतो. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते आणि ‘राजगड’ हा शब्द दात पडल्यासारखा दिसू लागतो. ओळींची उंची तो रोमन अक्षरांच्या अंदाजाने ठेवतो, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि मात्रांना भिडतात. मी ती १.६ ते १.८ ठेवायला सांगतो. पानाची भाषा सांगणारा लँग हा गुणधर्म मजकूर मराठी असूनही कित्येकदा इंग्रजीच राहिलेला असतो. मुले म्हणतात, त्याने काय बिघडते, पान तर दिसते आहे. बिघडते असे की, दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर पान चुकीच्या भाषेच्या आवाजात वाचू लागतो, आणि काही फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात. लँगमध्ये मराठीचा संकेत घातला की तेच फॉन्ट मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. दोन्ही पाने शेजारी शेजारी उघडून हा फरक दाखवला की एका गुणधर्माची किंमत मुलांना जन्मभर लक्षात राहते. फॉन्टसाठी ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्यावा; दोन्ही विनामूल्य आहेत.

दोष शुद्धलेखनातही येतात. एका जोडीच्या पानावर एआयने ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे लिहिले होते. दऱ्यांचा दर्या झाला, म्हणजे डोंगराच्या कुशीत समुद्र आला. मुले पोट धरून हसली, पण ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, वेगवेगळ्या अक्षरचिन्हांनी बनतात, हे त्या दिवशी जितके पक्के झाले तितके व्याकरणाच्या तासाला झाले नसते. मराठीच्या बाईंना अशा तासिकेला आवर्जून बोलवावे.

हे किल्ल्यांचे उदाहरण मी मुद्दाम वापरतो. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जुलै २०२५ मध्ये समावेश झाला; त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. मुलांना विषय जवळचा वाटतो, नोंदी मोजक्या आहेत, आणि एआयची मर्यादा दाखवायला याहून सोपे साधन मला मिळालेले नाही. ज्या साधनाला त्याआधीच्या मजकुरावर तयार केले आहे आणि जे इंटरनेटवर शोध न घेता उत्तर देते, ते हे किल्ले अजून प्रस्तावित असल्याचे पूर्ण आत्मविश्वासाने सांगते. कधी यादीत नसलेला एखादा गड घुसडते, कधी राजगड आणि रायगड यांची अदलाबदल करते, आणि १६७४ चा राज्याभिषेक राजगडावर लावते. पानावरची प्रत्येक तारीख आणि प्रत्येक नाव कुठे तपासले ते वहीवाल्याने समासात लिहायचे, अशी माझी अट असते. जिंजी या यादीत कशी, असे कुणीतरी विचारतेच. मग राजाराम महाराजांनी जिंजीहून केलेल्या कारभारावर दहा मिनिटे जातात. ती जाऊ द्यावीत.

आता एका प्रसंगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण पालकांशी बोलताना मी नेहमी तोच सांगतो. नववीतल्या एका मुलीने आईच्या दिवाळी फराळाच्या व्यवसायासाठी पान तयार केले. एआयने तिला मागणीचा फॉर्म करून दिला: नाव, फोन, चकली किती, चिवडा किती, आणि बटण दाबले की ‘आपली मागणी नोंदवली आहे, धन्यवाद’ असा हिरवा संदेश. घरचे सगळे खूश झाले. शेजारच्या काकूंनी दोन किलो चकलीची मागणी त्यावर भरली आणि निश्चिंत झाल्या. वसुबारस आली तरी चकली आली नाही, तेव्हा उलगडा झाला. तो संदेश जावास्क्रिप्टच्या एका ओळीने दाखवलेला होता. मागणी कुठेही जात नव्हती, कारण ती घेणारा सर्व्हरच नव्हता; पान फक्त दाखवण्यापुरते होते. चॅटबॉटने खोटे सांगितले असेही म्हणता येत नाही, कारण ‘मागणी आईपर्यंत कशी पोहोचेल’ हे कोणी विचारलेच नव्हते. ब्राउझरमध्ये काय घडते आणि सर्व्हरवर काय घडते, हा भेद मी पूर्वी फळ्यावर चौकटी आणि बाण काढून शिकवत असे व तो फारसा कळत नसे. आता मी वर्गात हाच फॉर्म उघडतो आणि विचारतो, ‘चकली कुठे गेली?’ मुले कोड वाचून स्वतःच शोधून काढतात. त्या मुलीने पुढे फॉर्म काढून व्हॉट्सॲपचा दुवा घातला, जो दाबला की ग्राहकाच्या फोनवर आईच्या क्रमांकाशी मागणीचा मजकूर लिहिलेला संवाद थेट उघडतो. तो क्रमांक सर्वांना दिसणार होता, म्हणून घरच्या क्रमांकाऐवजी व्यवसायासाठी वेगळा क्रमांक घ्यायचा निर्णय आईने घेतला. हा निर्णय मुलांनी परस्पर घ्यायचा नसतो.

इथूनच खात्यांचा आणि गोपनीयतेचा विषय येतो, आणि त्यात आपण जराही ढिलाई करू नये. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान तेरा वर्षांचा असावा लागतो आणि अठरा वर्षांखाली पालकांची परवानगी लागते. क्लॉड या दुसऱ्या चॅटबॉटसाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. गिटहबच्या खात्यालाही तेरा वर्षांची अट आहे. आठवीच्या वर्गात काही मुले अजून बारा-तेराच्या उंबरठ्यावर असतात, आणि मुले जन्मसाल खोटे टाकून खाती उघडतात, हे आपण सर्व जाणतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. त्यामुळे माझ्या वर्गात एआयचे खाते फक्त माझे असते. प्रोजेक्टरवर ते उघडे असते, जोड्या वहीत सूचना लिहून आणतात, वर्ग ती ऐकतो आणि सुधारतो, मग मी टंकित करतो. उत्तर सामायिक फोल्डरमधून सर्वांना मिळते. यात वेग कमी होतो, पण एका सूचनेवर चोवीस जण विचार करतात, आणि आधी न कळलेल्या गोष्टी याच चर्चेत कळतात. पानावर वर्गमित्रांचे फोटो, पूर्ण नावे, घरचे पत्ते घालू नयेत. एखाद्या सेवेची गुप्त चावी, म्हणजे एपीआय की, कोडमध्ये लिहायला चॅटबॉटने सांगितले तर ती लिहू नये, कारण पानाचा कोड कोणालाही उघडून पाहता येतो. हे मी एका नामांकित वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर उजवी कळ दाबून दाखवतो.

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांचे काय, असे आपण विचारले नाही, पण ते विचारले जाईलच. अँड्रॉइड फोनवर एकोड नावाचे विनामूल्य संपादक ॲप चालते, आणि त्यावर लहानसे पान लिहिता येते. छोट्या पडद्यावर काम करणारी मुले मोबाइलवर पान कसे दिसते याचा विचार इतरांच्या आधी करतात, हेही खरे. मात्र फोन पालकांचा असतो आणि संध्याकाळी तासभरच मिळतो, हे धरूनच गृहपाठ द्यावा. मी तो वहीपुरताच देतो.

मूल्यमापनाबद्दल माझे मत जरा एकारलेले वाटेल. तयार संकेतस्थळाच्या देखणेपणाला मी शंभरापैकी दहाच गुण ठेवतो, कारण ते देखणेपण कोणाचे हे ठरवता येत नाही. तीस गुण वहीला: आराखडा, सूचनांचे मसुदे, समासातल्या खुणा आणि तपासणीच्या नोंदी. उरलेले साठ गुण एका चाचणीला. इंटरनेट बंद करतो, मुलाचेच पान त्याच्या समोर ठेवतो, पण त्याआधी त्यात मी चार बिघाड करून ठेवलेले असतात: एक टॅग बंद न केलेला, एका चित्राचा मार्ग चुकलेला, सीएसएसमधले एक नाव एचटीएमएलमधल्या नावाशी न जुळणारे, आणि मजकुरातली एक तारीख बदललेली. चौथा बिघाड कोडमध्ये नसतो, म्हणून तोच सर्वांत शेवटी सापडतो. बिघाड शोधून झाले की मी एक नवा बदल सांगतो, उदाहरणार्थ तिसऱ्या किल्ल्याची नोंद पहिली आणायची आणि फक्त तिचीच चौकट रंगीत करायची. चोवीस मुलांना ही चाचणी एका तासिकेत होत नाही, दोन धराव्यात, आणि संगणक बाराच असल्याने अर्ध्या मुलांना त्या वेळी वहीची तोंडी परीक्षा द्यायला बसवावे.